लॅपटॉप नवा, मशीन अण्णांच्या वेळचं

काका, सादर नमस्कार.

वाळूज एमआयडीसीत आमचं जॉबवर्कचं छोटं शेड आहे. अण्णांनी सेकंडहँड घेतलेलं एक व्हीएमसी (कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणारं मिलिंग मशीन) आहे, त्यावर फानुक कंपनीचा झिरो-एम कंट्रोलर, म्हणजे मशीन चालवणारा मेंदू. दुसरं टर्निंग सेंटर (तसंच चालणारं लेथ), फानुकच्याच झिरो-आय कंट्रोलरचं. प्रोग्रॅम पाठवायला एक्सपीचा डेस्कटॉप होता, तो या पावसाळ्यात गेला. मला आता डायचं (साच्यांचं) थ्रीडी काम धरायचंय, त्यासाठी तगडा लॅपटॉप हवा. बजेट एक लाख वीस हजार. पण तोच लॅपटॉप जुन्या मशीनलाही जोडता आला पाहिजे. मित्राच्या लॅपटॉपला स्वस्तातला यूएसबी कन्व्हर्टर लावून पाहिला, तर व्हीएमसीवर कधी ०८५ अलार्म येतो, कधी ०८७. दुकानदार दोन मॉडेल दाखवतो : एक जाडजूड गेमिंगचं, दुसरं पातळ, स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचं, ज्याची बॅटरी दिवसभर चालते म्हणे. मित्र म्हणतो, सिरीयल पोर्टवाला जुना लॅपटॉप शोध. अण्णा म्हणतात, मशीनच काढून टाकू. चलन छापायचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटरही आहे, तोही चालला पाहिजे. काय करू?

– एक वाचक, वाळूज

---

काका म्हणालास, म्हणून अरे-तुरेच करतो.

आधी अण्णांच्या बोलण्याचं बघू. मशीन काढू नका. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि फानुकची सिरीज झिरोही त्याच साली बाजारात आली. त्या कंट्रोलरवर आपल्या पट्ट्यातल्या कितीतरी शेडांनी घरं उभी केली, पोरं शिकवली. बेड आणि स्पिंडल चांगले असतील, स्लाइडमध्ये फार खेळ नसेल, तर ते मशीन तुझं पहिलं डायचं काम आरामात करील. तुझं घोडं कंट्रोलरच्या जुनेपणावर अडलेलं नाही. ते अडलंय कॉम्प्युटर आणि कंट्रोलर यांच्यामधल्या केबलीवर.

लॅपटॉप कितीही तगडा घेतलास तरी त्याची ताकद त्या केबलीतून मशीनपर्यंत जात नाही. जायकवाडी काठोकाठ भरलं म्हणून घरातल्या अर्ध्या इंची नळाला जास्त पाणी येतं का? हिशेबच करून दाखवतो. तुझ्या व्हीएमसीवर सेटिंग बहुधा ९६०० बॉड (सेकंदाला ९६०० बिट), सात डेटा बिट, इव्हन पॅरिटी (चूक ओळखायचा एक जादा बिट), दोन स्टॉप बिट असं असेल. सुरुवातीचा एक बिट धरून एका अक्षरामागे अकरा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला साधारण ८७० अक्षरं. थ्रीडी फिनिशिंगच्या प्रोग्रॅममध्ये एक्स, वाय, झेड असलेली एक ओळ वीस-बावीस अक्षरांची असते. म्हणजे सेकंदाला चाळीसेक ओळी. कॅम सॉफ्टवेअरनं (मॉडेलवरून टूलचा मार्ग काढणाऱ्या) दर ०.२ मिलिमीटरला एक बिंदू टाकला असेल, तर केबल मशीनला सेकंदाला ८ मिलिमीटरपुरतंच काम पुरवू शकते. फीड, म्हणजे टूल पुढं सरकायचा वेग, झाला मिनिटाला ४८० मिलिमीटर. तू प्रोग्रॅममध्ये १५०० लिहिलंस तरी मशीन ४८०लाच चालणार, तेही अडखळत. आणि त्या अडखळण्याच्या रेघा डायवर उमटणार. पार्टी त्या रेघांवर बोट फिरवील आणि माल परत करील.

त्या कंट्रोलरची मेमरी अजून कागदी टेपच्या मीटरमध्ये मोजतात, हे तू ऑप्शनच्या यादीत पाहिलं असशील. ८० मीटर म्हणजे सुमारे ३२ केबी, ६४० मीटर म्हणजे २५६ केबी. डायचा एक फिनिशिंग प्रोग्रॅम सहज दोन एमबीचा होतो. तो आत मावतच नाही. म्हणून तो ड्रिप फीडनं, डीएनसी मोडमध्ये, कटिंग चालू असतानाच ओळीओळीनं पाठवावा लागतो. दोन एमबी जायलाच अडतीस मिनिटं. तेवढा वेळ कॉम्प्युटर झोपला नाही पाहिजे, अपडेट मागत बसला नाही पाहिजे, त्याची केबल कुणाच्या पायात आली नाही पाहिजे. टूल जॉबमध्ये असताना ओळी यायच्या थांबल्या की टूल तिथंच फिरत राहतं आणि तेवढ्या जागी डाग पडतो.

म्हणून लॅपटॉपला मशीनजवळ नेऊच नकोस, असं मी तुला आग्रहानं सांगतो. दोन कामं दोन यंत्रांना दे. लॅपटॉप ऑफिसात बसून मॉडेल करील, टूलपाथ काढील. मशीनजवळ एक साधा, स्वस्त डेस्कटॉप राहील आणि तो फक्त प्रोग्रॅम पाठवील. दोघांमध्ये एक लॅनची वायर. ऑफिसात फाइल सेव्ह केली की शेडमधल्या डेस्कटॉपवर दिसली पाहिजे.

एकाच लॅपटॉपमध्ये दोन्ही हवं असं तुला का वाटतं, ते मला कळतं. पैसे वाचतात, जागा वाचते. पण तुझ्या शेडमध्ये बीडाचं काम होत असेल तर हवेत काय उडतं ते बघ. ती बारीक काळी भुकटी वीज वाहून नेते. तगड्या लॅपटॉपचे पंखे जोरात हवा ओढतात, भुकटी आणि कूलंटचा धुरकट ओलावा थेट मदरबोर्डवर नेऊन बसवतात. त्यात आपला एप्रिल-मे. बाहेर बेचाळीस आणि पत्र्याखाली त्याहून जास्त. गरम झाला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. ज्या ताकदीसाठी तू लाखभर मोजणार, ती ऐन उन्हाळ्यात निम्मी होणार.

शेडमधल्या डेस्कटॉपला भारी काही लागत नाही. ऑफिसांतून निघालेले ब्रँडेड डेस्कटॉप सेकंडहँड बाजारात भरपूर मिळतात आणि त्यातल्या कितींना तरी मागच्या बाजूला नऊ पिनांचा खरा सिरीयल पोर्ट असतो. नसेल तर पीसीआय एक्स्प्रेसचं सिरीयल कार्ड टाकता येतं. मित्रानं सांगितलेला जुना लॅपटॉपही याच कामाला चालेल. डेल लॅटिट्यूड डी६३०सारख्या जुन्या मॉडेलांना तो पोर्ट होता. पण त्याची बॅटरी आता मेलेली असते आणि कीबोर्डवर कूलंटचे हात लागले की संपलं. मी डेस्कटॉपच घेईन. त्यावर विंडोज जुनं असलं तरी हरकत नाही, फक्त त्याला इंटरनेट देऊ नकोस. विंडोज १०ची नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला बंद झाली, एक्सपीची तर कधीच. लॅन फक्त लॅपटॉपपुरती ठेव. आणि ऑपरेटरांचे पेनड्राइव्ह त्याला लागू देऊ नकोस.

आता तुझे अलार्म. ०८५ म्हणजे कंट्रोलरला आलेलं अक्षर नीट वाचता आलं नाही. बॉड रेट, पॅरिटी किंवा बिटांची संख्या दोन्हीकडं जुळत नाही, नाहीतर केबलमध्ये गडबड आहे. ते सेटिंग जुळवलं की बहुतेक वेळा जातं. ०८७चं कारण वेगळं आणि समजून घेण्यासारखं आहे. कंट्रोलरची तात्पुरती जागा भरत आली की तो पाठवणाऱ्याला 'थांब' असा एक संकेत देतो. त्यानंतर दहा अक्षरांच्या आत पाठवणं थांबलं पाहिजे, अशी फानुकची अट आहे. तुझ्या सॉफ्टवेअरनं ते ऐकलं तरी स्वस्त कन्व्हर्टरच्या पोटात आधीच भरलेली अक्षरं बाहेर येतच राहतात. दहाची मर्यादा ओलांडली की ०८७. म्हणजे मित्राच्या लॅपटॉपचा यात दोष नाही. पुढं कधी ०८६ दिसला तर समज की 'समोरचा तयार आहे' हा सिग्नलच पोचत नाही. तो केबलच्या जोडणीचा प्रश्न.

जोडणी लिहून देतो, कुणा चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून समोर बसून करून घे. कॉम्प्युटरकडच्या नऊ पिनांच्या बाजूचा २ नंबर मशीनकडच्या पंचवीस पिनांच्या २ला, ३ नंबर ३ला, ५ नंबर ७ला. बस, तीनच तारा. मग पंचवीसच्या बाजूला ४ आणि ५ एकमेकांना, तसंच ६, ८ आणि २० एकमेकांना. नऊच्या बाजूला ७ आणि ८ एकमेकांना, तसंच १, ४ आणि ६ एकमेकांना. या जोडणीत थांबण्याचा संकेत डेटाच्या तारेतूनच जातो, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये फ्लो कंट्रोल एक्सऑन-एक्सऑफ निवड. शील्डची वायर घे आणि शील्डला अर्थ फक्त मशीनच्या बाजूनं दे.

एक गोष्ट मात्र जपून. फानुकच्या त्या पंचवीस पिनांच्या सॉकेटमध्ये २५ नंबरच्या पिनवर चोवीस व्होल्ट असतात, जुन्या काळच्या टेप रीडरला वीज द्यायला. बाजारातली तयार केबल, ज्यात पंचवीसच्या पंचवीस तारा सरळ जोडलेल्या असतात, ती इथं कधीही लावू नकोस. आणि मशीन चालू असताना केबल काढ-घाल करू नकोस. कॉम्प्युटरचं अर्थिंग आणि मशीनचं अर्थिंग यांच्यात फरक असला की त्या क्षणी पोर्टची चिप उडते, कधी कॉम्प्युटरची, कधी कंट्रोलरची. कंट्रोलरचं बोर्ड दुरुस्त करायला जो खर्च आणि जितके दिवस लागतात, तेवढ्यात एक ऑर्डर हातची जाते. डेस्कटॉप आणि मशीन एकाच अर्थिंगवर घे. मध्ये ऑप्टिकल आयसोलेटर (दोन्हीकडची वीज वेगळी ठेवून फक्त संकेत पलीकडं देणारा) बसवलास तर रात्री निवांत झोपशील.

तरी कधीमधी लॅपटॉप थेट मशीनला लावावा लागेलच. डेस्कटॉप बंद पडला किंवा दुसऱ्याच्या शेडमध्ये काम निघालं तर काय करणार? त्यासाठी एफटीडीआय चिपचा चांगला कन्व्हर्टर घेऊन ठेव. स्वस्त कन्व्हर्टरांमध्ये पीएल-२३०३ जातीच्या जुन्या चिप किंवा त्यांच्या नकला फार असतात. त्यातल्या काही जुन्या चिपांना निर्मात्यानंच नव्या विंडोजच्या ड्रायव्हरमधून वगळलंय, त्यामुळे विंडोज ११वर त्या नुसत्या पिवळं चिन्ह दाखवत बसतात. चांगला कन्व्हर्टर लावल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये तीन गोष्टी कर. पोर्टचा नंबर कॉम १ ते ४ यांतला दे, कारण जुनी सॉफ्टवेअर मोठे नंबर ओळखत नाहीत. लेटन्सी टायमर (कन्व्हर्टर अक्षरं किती मिलिसेकंद धरून ठेवतो ते) सोळावरून एक किंवा दोनवर आण. आणि यूएसबीला वीज वाचवायला झोपवण्याची सोय बंद कर. लॅपटॉप मशीनला जोडताना शक्यतो चार्जर काढून, बॅटरीवर चालव. अर्थिंगच्या फरकाचा धोका त्यानं बराच कमी होतो.

टर्निंग सेंटरची काळजी कमी आहे. झिरो-आयच्या स्क्रीनशेजारी कार्डाचा खाचा असेल तर अडॅप्टरमध्ये कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड घाल, आय-ओ चॅनल (प्रोग्रॅम कुठून घ्यायचा ते सेटिंग) ४ कर, केबलचा प्रश्नच मिटला. कार्ड छोटं घे, दोन जीबी किंवा कमी, आणि फॅटमध्ये फॉरमॅट कर. टर्निंगचे प्रोग्रॅम तसेही लहान असतात. प्रिंटरलाही यूएसबी ते पॅरलल केबल मिळते, छपाईपुरती ती चालते. चलन शेडमधल्या डेस्कटॉपवरून छापणार असशील आणि त्याला पॅरलल पोर्ट असेल तर तीही नको.

आता लॅपटॉप. स्नॅपड्रॅगनचा नको. तो वाईट आहे म्हणून नाही, बॅटरीचं दुकानदार सांगतो ते खोटं नाही. पण त्याची प्रोसेसरची जातच वेगळी आहे, एआरएमची. नेहमीच्या विंडोजचे प्रोग्रॅम तो भाषांतर करून चालवतो, ड्रायव्हरचं मात्र भाषांतर होत नाही. ड्रायव्हर त्याच जातीसाठी बनवलेला लागतो. तुझ्या कॅम सॉफ्टवेअरचा डोंगल (लायसन्सची यूएसबी किल्ली), कन्व्हर्टर, उद्या एखादा जुना प्रोब, यातल्या एकाचाही तसा ड्रायव्हर मिळाला नाही तर तुझं कामच थांबेल. जुन्या यंत्रांशी संबंध असलेल्या माणसानं इंटेल किंवा एएमडीच्या बाहेर आत्ता जाऊ नये.

दुकानातला जाड गेमिंगवाला मला चालेल. जाड आहे हाच त्याचा गुण, कारण आत हवा खेळायला जागा असते. पैसे कुठं घालायचे ते सांगतो. थ्रीडी मॉडेल बदललं की ते पुन्हा गणायचं काम बहुतांशी एका वेळी एकाच कोअरवर होतं, म्हणून कोअर किती यापेक्षा एका कोअरचा वेग किती हे आधी बघ. टूलपाथ काढताना मात्र जास्त कोअर कामी येतात. रॅम सोळा जीबी असली तरी सुरुवातीला पुरेल, पण उघडून बघून घे की दुसरा स्लॉट रिकामा आहे. पातळ मॉडेलांत रॅम बोर्डालाच डाग देऊन बसवलेली असते, ती पुढं वाढत नाही. पहिला मोठा डाय आला की बत्तीस करून घे. एसएसडी एक टीबी. ग्राफिक कार्डावर दुकानदार सगळ्यात जास्त जोर देईल, तिथंच तू हात आखडता घे. तुझ्या कामातल्या आकाराच्या डायांना मधल्या दर्जाचं, सहा-आठ जीबीचं कार्ड पुरे आहे. सर्वांत वरचं कार्ड गेम खेळणाऱ्यांच्या कामाचं, तुझ्या नाही. त्या फरकात शेडमधला डेस्कटॉप, केबल, आयसोलेटर आणि एक बरा यूपीएस एवढं बसतं. लॅनचा पोर्ट अंगावरच असलेला बघ, आणि जुन्या चौकोनी यूएसबीचे निदान दोन पोर्ट. वर्षभर तेच रोज वापरशील.

पैसे देण्याआधी कॅम सॉफ्टवेअर ज्यांच्याकडून घेतलंस त्यांना दोन प्रश्न विचार : ही आवृत्ती ६४ बिट विंडोज ११वर चालते का, आणि डोंगलचा ड्रायव्हर मेमरी इंटिग्रिटी (विंडोजची एक सुरक्षेची सोय) चालू ठेवून बसतो का. विंडोज ११ बत्तीस बिटमध्ये येतच नाही आणि डॉसच्या काळची सोळा बिट सॉफ्टवेअर त्यावर सुरूही होत नाहीत. डीएनसीचं जुनं सॉफ्टवेअर तुझ्या एक्सपीवर तसलंच असेल, तर ते शेडमधल्या डेस्कटॉपवरच राहू दे.

मशीनला पाइप मोठा करून देता येत नाही, पण पाणी कमी लागेल असं करता येतं. कॅममध्ये टॉलरन्स गरजेपेक्षा बारीक ठेवू नकोस. आर्क फिटिंग चालू कर, म्हणजे वळणावरच्या पन्नास छोट्या रेषांऐवजी एक चाप जातो. अनावश्यक ओळनंबर आणि मोकळ्या जागा पोस्ट प्रोसेसरमधून (कॅमचा जो भाग मशीनच्या भाषेत प्रोग्रॅम लिहितो त्यातून) काढून टाक. एवढ्यानं फाइल चांगलीच बारीक होते आणि डायवरच्या रेघाही. जिथं मेमरीत मावतील तिथं प्रोग्रॅमचे तुकडे करून आत भरूनच चालव.

हे सगळं करायच्या आधी एक काम मात्र आजच कर. व्हीएमसीचे पॅरामीटर, म्हणजे ते मशीन कसं चालायचं हे ठरवणारे आकडे, उतरवून ठेव.

चिकलठाण्याला नोकरीत होतो तेव्हाची गोष्ट. स्क्रीनवर बॅटरीचं चिन्ह चमकत होतं. रविवारची सुट्टी, मशीन बंद, म्हणून मी निवांत जुने सेल काढले आणि दुकानातून नवे आणायला गेलो. सोमवारी मशीन सुरू केलं तेव्हा मेमरी कोरी. पॅरामीटर, ऑफसेट (टूलच्या मापांच्या नोंदी), प्रोग्रॅम, सगळं गेलं. मालक एक शब्द बोलले नाहीत, पण नऊ दिवस ते मशीन उभं होतं आणि रोज सकाळी त्याच्यासमोरून जाताना माझी मान खाली असायची. सिरीज झिरोचे ते तीन मोठे सेल वर्षातून एकदा बदलायचे आणि मशीन चालू असतानाच बदलायचे. तुझा डेस्कटॉप पावसाळ्यात गेला, त्याच्यातच या मशीनचा एकमेव बॅकअप होता का, याची मला पत्र वाचल्यापासून धास्ती आहे.

तर नवा कन्व्हर्टर किंवा सेकंडहँड डेस्कटॉप, जे आधी हाती येईल ते घेऊन एडिट मोडमध्ये पॅरामीटर, ऑफसेट आणि सगळे प्रोग्रॅम बाहेर काढ. दोन ठिकाणी ठेव, एक प्रत घरी. ते हाती येईपर्यंत मोबाइलनं स्क्रीनच्या पानापानाचे फोटो काढ. ९०० नंबरपासूनचे पॅरामीटर तर नक्कीच, कारण विकत घेतलेले ऑप्शन त्यात असतात आणि ते आकडे एका मशीनचे दुसऱ्याला चालत नाहीत. मशीन नवं असताना त्याच्याबरोबर पॅरामीटरचा छापील कागद यायचा. बहुतेकदा तो इलेक्ट्रिकल पॅनलच्या दाराच्या आत खोचलेला असतो, नाहीतर कुणीतरी जपून घरी नेलेला असतो. अण्णांना माझा नमस्कार सांग, आणि तो कागद कुठं आहे ते आज संध्याकाळी जेवायला बसताना त्यांना विचार.